प्रगत डिमेन्शिया आणि केअर होममधले कर्मचारी: प्रशिक्षणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न केअर होमचे व्यवस्थापक, सिस्टर आणि प्रत्यक्ष आंघोळ, जेवण, डायपर बघणारे केअरटेकर विचारतात. उत्तरं शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियापुरती आहेत. फळ्यावर तारीख लिहा, आठवण करून द्या, दोन पर्याय विचारा, असे सुरुवातीच्या टप्प्यातले सल्ले इथे फारसे कामाला येत नाहीत.

‘प्रगत’ अवस्था नेमकी कुठून सुरू झाली म्हणायची?

अल्झायमरसाठी ‘फास्ट’ नावाची मोजपट्टी वापरतात. तिची सातवी पायरी शेवटची. दिवसभरात कळण्याजोगे पाच-सहाच शब्द उरले की ती सुरू होते. पुढे एकच शब्द उरतो, मग चालणं जातं, आधाराशिवाय बसणं जातं, हसू जातं आणि शेवटी मान सावरणंही जातं. व्हॅस्क्युलर किंवा लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या इतर प्रकारांत हा क्रम असाच असेल असं नाही. लेवी बॉडीत अंग आखडणं आणि पडणं बरंच आधी दिसतं.

आवाजाचा सूर, समोरच्याचा चेहरा, स्पर्श आणि ताल यांना मिळणारा प्रतिसाद मात्र शब्द गेल्यावरही बराच काळ टिकतो. प्रशिक्षण त्यावरच उभं करायचं असतं.

कशापासून सुरुवात करायची हे ठरवायला २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास उपयोगी पडतो. बॉस्टन परिसरातल्या २२ नर्सिंग होममधल्या ३२३ रुग्णांवर त्यात १८ महिने लक्ष ठेवलं होतं. त्या काळात सुमारे ८६ टक्के जणांना खाण्यापिण्याची अडचण आली, ५३ टक्क्यांना ताप आला आणि ४१ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. निम्म्याहून अधिक जण दगावले. म्हणजे हातात प्रशिक्षणाचा एकच दिवस असेल तर तो भरवण्यावर खर्च करावा. ‘डिमेन्शिया म्हणजे काय’ या स्लाइड नंतर दाखवल्या तरी चालतं.

नवीन कर्मचाऱ्याला सगळ्यात आधी काय शिकवायचं?

जवळ जायला. या अवस्थेत नजरेचा पट्टा अरुंद होतो. बाजूने किंवा मागून आलेला माणूस दिसतच नाही, अचानक अंगाला हात लागतो आणि त्या हाताला फटका बसतो. त्या फटक्याची नोंद मग ‘आक्रमक’ अशी होते.

क्रम असा. दारातच थांबा आणि चेहरा आपल्याकडे वळतो का ते बघा. समोरून, सावकाश जा आणि हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर पुन्हा थांबा. नाव घेऊन हाक मारा. मग किंचित बाजूला होऊन त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. तळहात वर करून हात पुढे करा आणि हात त्यांच्याकडून येण्याची वाट बघा. आल्यावर एकच छोटं वाक्य बोला, आणि त्यानंतर मनात दहापर्यंत मोजा.

हे दहा आकडे मोजणंच सगळ्यांना जड जातं. ऐकलेलं वाक्य मेंदूत पोहोचून हालचालीत उतरायला वेळ लागतो. मधेच दुसरं वाक्य आलं की पहिल्यावरचं काम तिथेच थांबतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रशिक्षणात स्टॉपवॉच लावून सराव घ्या. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच वाक्य पुन्हा म्हणतात, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नाही. दोघे मिळून काम करत असतील तर बोलायचं एकानेच.

कपडे बदलताना हात आवळून धरतात, अंग ताठ करतात. हा हट्ट नाही का?

बहुतेक वेळा नाही. प्रगत डिमेन्शियात स्नायूंचा एक विशिष्ट ताठरपणा येतो, त्याला पॅराटोनिया म्हणतात. त्याचा नियम सोपा आहे: हात जितक्या वेगाने हलवाल तितका तो विरोध करतो, आणि वेग कमी केला की विरोधही उतरतो. हे त्या व्यक्तीच्या इच्छेवर चालत नाही. घाईतला केअरटेकर जोर लावतो, हात आणखी ताठ होतो, तो आणखी जोर लावतो. खांद्याच्या दुखापती, कातडी फाटणं आणि हाडं मोडणं अशाच वेळी होतं.

हे पुस्तकातून सांगून पटत नाही, हाताला जाणवावं लागतं. प्रशिक्षकाने एखाद्या रुग्णाच्या रोजच्या सेवेच्या वेळीच केअरटेकरचा हात धरून दाखवावं: रुग्णाचा कोपर अगदी हळू, पाच-सहा सेकंद घेऊन सरळ केला तर किती येतो. वेगाने करून दाखवण्याची गरज नाही, तो अनुभव सगळ्यांना असतोच.

दुसरी गोष्ट पकडीची. तान्ह्या बाळात दिसणारी मुठीची प्रतिक्षिप्त क्रिया या टप्प्यावर परत येते. तळहाताला काही लागलं की बोटं मिटतात. मग ती पलंगाची कड असो, केस असोत की केअरटेकरच्या ओळखपत्राची दोरी. (दोरी गळ्यात घालूच नका, खिशाला चिमटा लावा.) बोटं एकेक करून उकलू नयेत. त्याने पकड वाढते आणि बोट मुरगळू शकतं. मनगट किंचित आतल्या बाजूला वाकवा आणि हाताच्या मागच्या बाजूवरून सावकाश बोटं फिरवा, मूठ सैल होते. काम सुरू करण्याआधीच दोन्ही हातांत मऊ कापडाची गुंडाळी दिली तर हा प्रसंगच येत नाही.

बाही चढवताना आखडलेला हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. केअरटेकरने आपला हात बाहीच्या तोंडातून उलटा आत घालावा, हस्तांदोलन करावं तसा त्यांचा हात धरावा आणि मग कापड त्या हातावरून वर सरकवावं. हात ओढायचा नाही, कापड सरकवायचं. मागून उघडणारे कपडे असले तर निम्मं भांडण मिटतं.

आणि इतकं करूनही फटके बसायला लागले, तर थांबा. अंग झाकून ठेवा, बाजूला व्हा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा या किंवा दुसऱ्या कोणाला पाठवा. मळलेला डायपर फार काळ ठेवता येत नाही, तो अपवाद. बाकी आंघोळ एक दिवस राहिली म्हणून काहीही बिघडत नाही. हे वाक्य केअरटेकरने नव्हे, व्यवस्थापकाने सगळ्यांसमोर म्हणावं लागतं, नाहीतर कोणी थांबत नाही.

‘हाताखाली हात’ ही पद्धत काय आहे?

आपण सहसा त्यांच्या हातावर आपला हात ठेवून हालचाल घडवतो. त्यात पकडल्यासारखं वाटतं आणि हात मागे खेचला जातो. या पद्धतीत केअरटेकरचा तळहात खाली असतो आणि त्यांचा वर, अंगठ्यात अंगठा अडकवलेला. चमचा किंवा स्पंज केअरटेकर आपल्या बोटांत धरतो आणि त्यांचा हात सोबत प्रवास करतो. आयुष्यभर हजारो वेळा झालेली हात-तोंडाची हालचाल शरीराला ओळखीची वाटते आणि तोंड आपोआप उघडतं. आपण उजव्या बाजूला बसून त्यांचा उजवा हात धरायचा. ते डावखुरे असतील तर उलट. ही नोंद फाइलमध्ये हवी, आणि ती क्वचितच असते.

प्रेमाने, लाडाने बोललं तर बिघडतं कुठे?

बिघडतं. ‘चला बाळा, आ करा बघू, शाब्बास!’ असं लहान मुलांशी बोलल्यासारखं बोललं की सेवेला होणारा विरोध वाढतो, हे केअर होममधल्या चित्रफिती तपासून केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. शब्द कळत नसले तरी सूर कळतो. ‘आजी’, ‘आजोबा’, ‘काका’, ‘बाई’, ‘सर’, ज्या हाकेला मान वळते ती हाक वापरा आणि ‘तुम्ही’ सोडू नका. वाक्य छोटं, आवाज खालच्या पट्टीतला, सूर मोठ्या माणसाशी बोलावा तसा. त्यांच्या डोक्यावरून दोघांनी आपसात गप्पा मारणं हे लाडिक बोलण्याइतकंच वाईट.

भरवायचं कसं? नेमकी पद्धत सांगा.

आधी जाग तपासा. हाक मारल्यावर डोळे उघडून किमान काही मिनिटं उघडे राहत नसतील तर भरवू नका, अर्ध्या तासाने बघा. पेंगणाऱ्या माणसाला ‘निदान दोन घास तरी’ म्हणून भरवणं, यातून ठसके आणि न्यूमोनिया ओढवतात.

बसणं: कंबर खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकलेली, मांड्या आणि धड यांत काटकोन, पाय जमिनीवर किंवा पायपाटावर टेकलेले, हनुवटी किंचित खाली. पलंगावरच भरवायचं असेल तर डोक्याकडची बाजू शक्य तितकी उभी करा आणि गुडघ्यांखाली उशी द्या, म्हणजे खाली घसरत नाहीत. केअरटेकरने बसूनच भरवायचं. तो उभा राहिला की ते वर बघतात, हनुवटी उचलली जाते आणि घास श्वासनलिकेकडे जाण्याची शक्यता वाढते. केअर होममध्ये भरवणाऱ्यांसाठी स्टुलं नसणं हा खरं तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पण खरेदीच्या यादीत स्टूल सगळ्यात शेवटी येतं.

घास: चहाचा चमचा, तोही अर्धा ते पाऊण, म्हणजे साधारण ३ ते ५ मिलि. चमचा खालून आणा, आधी दिसू द्या, खालच्या ओठाला टेकवा. आत गेल्यावर जिभेच्या मधोमध हलकासा दाब द्या आणि चमचा सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर खरवडून काढू नका, त्याने मान मागे जाते.

मग गळ्याकडे बघा. कंठमणी वर जाऊन खाली आला म्हणजे घास गिळला. तो हललेला दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. पाच-सहा घासांनंतर गालात काही साठलंय का ते बघा. साठलं असेल तर रिकामा चमचा ओठाला लावा, बहुतेक वेळा त्याने पुन्हा गिळलं जातं. शेवटी तोंड मोकळं झाल्याची खात्री करा आणि निदान ३० मिनिटं बसतं ठेवा.

एका जेवणाला ३० ते ४० मिनिटं लागतात. त्याहून लांबलं तर थकवा येतो आणि थकलेला माणूस नीट गिळत नाही. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान वेळा बऱ्या.

तोंडच उघडत नाहीत. काय करायचं?

आधी तोंडाच्या आत बघा. दात दुखणं, हिरड्या सुजणं, जिभेवर पांढरी बुरशी, नीट न बसणारी कवळी, कोरडं तोंड ही कारणं रोज सापडतात आणि ‘जेवत नाहीत’ या नोंदीखाली दडून जातात. मग बद्धकोष्ठता, नुकतंच बदललेलं औषध आणि वेदना तपासा.

यातलं काही नसेल तर टीव्ही बंद करा आणि एका वेळी एकच वाटी समोर ठेवा. ताटलीचा रंग अन्नापेक्षा आणि टेबलापेक्षा ठळक वेगळा हवा. बॉस्टनमध्ये प्रगत अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात पांढऱ्याऐवजी लाल ताटल्या आणि पेले दिल्यावर खाणं सुमारे २५ टक्क्यांनी आणि पिणं सुमारे ८४ टक्क्यांनी वाढलं. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे आकडा छातीठोकपणे सगळीकडे लागू करू नये. पण ताटली बदलून बघायला काही लागत नाही. लालच हवी असंही नाही, गडद निळीही चालते. नक्षीची मात्र नको, नक्षी उचलून खाण्याचा प्रयत्न होतो.

चमचा दातांत घट्ट धरला गेला तर ओढू नका. ती चावण्याची प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि ओढलं की जबडा आणखी आवळतो. हात स्थिर ठेवून थांबा, काही सेकंदांत सुटतो. म्हणून सिलिकॉन चढवलेले चमचे घ्यावेत. वापरून टाकायचे प्लॅस्टिकचे चमचे तुटून घशात जातात, ते या रुग्णांजवळ असूच नयेत. आणि सिरिंजने तोंडात ढकलणं कधीही नाही, कितीही घाई असली तरी.

खोकला आला तर लगेच पाणी द्यायचं ना?

नाही. खोकला हे संरक्षण आहे, तो होऊ द्या. किंचित पुढे झुकवा, भरवणं थांबवा, श्वास सुरळीत झाल्यावर आवाज ऐका. आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा येत असेल तर त्या वेळचं भरवणं बंद करा आणि सिस्टरला कळवा. काहींना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येतच नाही. डोळ्यांत पाणी, चेहऱ्याचा रंग बदलणं, श्वास वाढणं, काही तासांनी ताप, एवढीच खूण मिळते.

खोकला, आवाज, श्वास सगळंच बंद झालं तर तो गुदमरण्याचा प्रसंग आहे: मदतीला हाक मारा, पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब, आळीपाळीने. खुर्चीत बसलेल्या माणसावर हे कसं करायचं याचा सराव सगळ्या पाळ्यांनी वर्षातून निदान दोनदा करावा.

पातळ पदार्थ घट्ट करून द्यावेत का?

गिळण्याच्या तज्ज्ञाने सांगितलं असेल तरच, आणि सांगितलेल्या पातळीचेच. घट्ट केलेलं पाणी लोक कमी पितात, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका वाढतो. पातळ्या ‘इडसी’ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने मोजतात. १० मिलिची सिरिंज घ्या (शून्य ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिमी असलेली), दट्ट्या काढा, तळाचं तोंड बोटाने बंद करून १० मिलिपर्यंत भरा, बोट काढा, १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. १ ते ४ मिलि उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर पातळी ३.

गडबड होते ती अंदाजाने पूड टाकण्यात. स्टार्चची पूड ठेवल्यावर आणखी घट्ट होत जाते, आणि लाळ मिसळली की उलट पातळ होते. म्हणजे त्याच पेल्यातून चमचा पुन्हा पुन्हा तोंडात गेला की शेवटचे घोट पहिल्यासारखे राहत नाहीत.

नातेवाईक अन्नासाठी पोटात नळी घालायची का विचारतात. केअरटेकरने काय सांगायचं?

निर्णय डॉक्टर आणि कुटुंबाचा असतो, केअरटेकरने स्वतःचं मत देऊ नये. पण माहिती असावी: अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्यांच्या संघटनेची २०१४ ची भूमिका प्रगत डिमेन्शियात पोटात नळी घालू नये, हाताने काळजीपूर्वक भरवावं अशी आहे. नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधणं आणि बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) मात्र वाढतात. ‘आम्ही भरवणं थांबवत नाही, ते घेतील तेवढं आणि सुखाने घेतील तेवढं देत राहतो’ हे वाक्य केअरटेकरच्या तोंडी असावं आणि ते खरं असावं.

दात घासू देत नाहीत.

त्यांच्या शेजारी किंवा किंचित मागे उभं राहा, समोरच्या आरशात दोघं दिसतील असं. आरशातला माणूस अनोळखी वाटून घाबरत असतील तर आरसा झाका. मऊ, लहान डोक्याचा ब्रश, फेस न होणारी पेस्ट वाटाण्याएवढीच. एक ब्रश त्यांच्या हातात द्या आणि दुसऱ्याने तुम्ही घासा. हातातली वस्तू काम सांगते. किंवा त्यांच्या हाताने सुरुवात करून द्या, कधी कधी पुढचं ते स्वतः करतात. समोरचे दात शेवटी घ्या, ओठाची कड सगळ्यात नाजूक. दोन मिनिटं सलग मिळाली नाहीत तर सकाळी वरचे, संध्याकाळी खालचे. जबडा जबरदस्तीने उघडायचा नाही आणि बोट दातांच्या मध्ये घालायचं नाही.

आंघोळीला आरडाओरडा होतो. काही मार्ग?

थंडी, उघडं अंग, चेहऱ्यावर येणारं पाणी आणि घाई ही चार कारणं. बाथरूम आधी तापवून घ्या. पाणी थर्मामीटरने मोजा: अंगावर घ्यायचं पाणी ३७-३८ अंश सेल्सियस, टबात ४४ च्या वर कधीच नाही. पायांपासून सुरुवात करा, खांद्यांवर टॉवेल राहू द्या आणि धुवायचा भागच उघडा करा. डोकं शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी.

त्याहून सोपी ‘टॉवेल बाथ’. सुमारे दोन लिटर ४० ते ४३ अंशांच्या पाण्यात न धुता चालणारा साबण लेबलवरच्या प्रमाणात घाला. त्यात अंगभर पुरेल एवढा मोठा टॉवेल भिजवून घट्ट पिळा, त्याची उष्णता आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला तपासा आणि पलंगावर झोपलेल्या व्यक्तीच्या अंगावर, कोरडी चादर हळूहळू खाली ओढत, पसरवा. टॉवेलवरूनच चोळून अंग स्वच्छ करा. मग कुशीवर वळवून पाठीला दुसरा छोटा गरम टॉवेल. जांघांना आणि गुप्तांगाला वेगळं कापड. अंग उघडं पडत नाही, ही त्यातली सगळी किमया. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत टॉवेल बाथने आणि व्यक्तीच्या कलाने घातलेल्या आंघोळीने, दोन्हींनी, मारणं आणि अस्वस्थता कमी झाली.

दुखतंय हे बोलता येत नसेल तर ओळखायचं कसं?

‘पेनॅड’ नावाची पाच मुद्द्यांची पट्टी आहे: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजावल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. केअरटेकरला शिकायला तासभर पुरतो. चूक होते ती स्वस्थ पडलेले असताना गुण देण्यात. गुण हालचालीच्या वेळी द्यायचे, कूस बदलताना, उठवताना. आकडा एकदा काढून उपयोग नाही, औषधाच्या आधीचा आणि तासाभरानंतरचा हवा.

हा विषय आम्ही ‘वागणुकीच्या समस्या’च्या आधी शिकवतो. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रुग्णांवरच्या एका चाचणीत (२०११) ठरावीक टप्प्यांनी वेदनेवर उपचार केले आणि आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. त्यातल्या बहुसंख्य रुग्णांना मिळालेलं औषध पॅरासिटामॉल होतं.

कालपर्यंत ठीक होते, आज अचानक बदल. हा आजार वाढला का?

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला बदल डिमेन्शियाचा नसतो, डिलिरियम (दुसऱ्या कारणाने अचानक आलेला मेंदूचा गोंधळ) समजून त्याच पाळीत सिस्टरला सांगा. ताप, नाडी, ऑक्सिजन, साखर, शेवटची शौच कधी, लघवी होते का, कोणतं औषध नवीन, कुठे पडले का, एवढं सोबत सांगा. गप्प, सुस्त झालेले आजोबा ओरडणाऱ्यांपेक्षा जास्त निसटतात, कारण त्यांचा कोणाला त्रास नसतो. लघवी गढूळ दिसते एवढ्यावर इन्फेक्शनचा शिक्का मारू नये. या वयात लक्षणांशिवाय लघवीत जंतू सापडणं सर्रास असतं आणि खरं कारण बाजूला राहतं.

रोज ओरडतात, झोपेचं किंवा मानसिक आजाराचं औषध मागून घ्यावं का?

अँटिसायकोटिक म्हणजे मानसिक आजारावरच्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये, आणि जुन्या गटातल्या औषधांवर २००८ मध्ये, ठळक चौकटीतला इशारा घातला. डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्यांत सुमारे ४.५ टक्के मृत्यू दिसले, औषध नसलेली नुसती गोळी दिलेल्यांत २.६ टक्के. लेवी बॉडीच्या रुग्णांना तर ही औषधं फारच जड जातात.

केअरटेकरचं काम औषध मागणं नाही, नोंद चांगली करणं. ‘त्रास देतात’ ही नोंद नव्हे. ‘दुपारी ४.१०, डायपर बदलताना डाव्या कुशीवर वळवल्यावर ओरडल्या, सरळ केल्यावर दोन मिनिटांत थांबल्या’ ही नोंद. यावरून डाव्या खांद्याकडे किंवा खुब्याकडे बघता येतं. ब्रिटनमधल्या १२ केअर होमवरच्या एका चाचणीत (२००६) कर्मचाऱ्यांना दहा महिने प्रशिक्षण आणि आधार दिल्यावर ही औषधं घेणाऱ्यांचं प्रमाण २३ टक्के राहिलं, नेहमीच्या पद्धतीच्या होममध्ये ४२ टक्के.

कूस, बेडसोअर, पोट याबद्दल?

कूस ३० अंशांची, पूर्ण ९० ची नको, हाडावर भार येतो. टाचा उशीवर नव्हे, उशीपलीकडे अधांतरी. लालसर जागा बोटाने दाबून पांढरी होत नसेल तर ती पहिल्या पायरीची जखम, लगेच कळवा आणि तिथे चोळू नका. गडद कातडीवर लाली दिसत नाही, तिथे उष्णता आणि कडकपणा तपासा. काखेत हात घालून उचलणं बंद. सरकवायची चादर किंवा होइस्ट (रुग्णाला उचलायचं यंत्र), दोघे जण. तीन दिवस शौच नाही तर कळवायचं. मूठ आवळलेली असेल तर तळहात रोज धुऊन कोरडा करा, नखं तळहातात रुततात.

सेवा झाल्यावर उरलेला दिवस नुसतं पडून राहायचं?

अमेरिकेत २००३ मध्ये जॉइस सिमार्ड यांनी सुरू केलेला ‘नमस्ते केअर’ हा उपक्रम बघण्यासारखा आहे: शांत खोली, मंद उजेड, आवडीचं संगीत, हातपायांना सावकाश मलम, अधूनमधून घोट-घास. दिवसातून दोनदा, दर वेळी सुमारे दोन तास, आठवड्याचे सातही दिवस. वेगळी खोली नसेल तर कोपराही चालतो. संगीत मात्र त्या व्यक्तीच्या तरुणपणातलं हवं, कर्मचाऱ्यांच्या आवडीचं नको.

प्रशिक्षणाची आखणी कशी करावी?

दिवसभराचं व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र, याने वॉर्डातलं काही बदलत नाही. आम्ही सुचवतो तो साचा: एका विषयाचं एक सत्र, ६० ते ९० मिनिटं, सहा ते आठ जण. त्याच आठवड्यात प्रशिक्षक प्रत्येकासोबत प्रत्यक्ष कामात एकदा उभा राहतो: भरवताना, घासताना, वळवताना. काम चालू असताना बोलत नाही, बाहेर आल्यावर एक बरं आणि एक सुधारायचं सांगतो. दोन आठवड्यांनी तेच काम पुन्हा बघतो.

सत्रात सगळ्यांनी रुग्णाच्या जागी बसावं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, उभ्या माणसाकडून भरभर भरवून घ्या. मग बसलेल्या माणसाकडून सावकाश. होइस्टमध्ये लटका. सहकाऱ्याकडून दात घासून घ्या. पाच मिनिटांत जे कळतं ते स्लाइडवर येत नाही. सफाई, स्वयंपाकघर, रात्रपाळी यांना वगळू नका. ठसका लागताना समोर अनेकदा झाडू मारणारी व्यक्तीच असते.

आणि व्यवस्थापकांसाठी एक हिशेब. एका माणसाला ३५ मिनिटं, जेवणाची वेळ ९० मिनिटांची, म्हणजे एक केअरटेकर दोघांनाच नीट भरवू शकतो. आठ जणांना भरवायचं असेल तर चार हातजोड्या लागतात. दोनच असतील तर कितीही प्रशिक्षण दिलं तरी घास भरभरच जाणार. जेवणाच्या वेळा दोन फेऱ्यांत विभागा, कार्यालयातल्या लोकांना आणि इच्छुक नातेवाइकांना हीच पद्धत शिकवून त्या वेळी बोलवा.

प्रशिक्षण लागू पडलं हे कशावरून ठरवायचं?

लेखी परीक्षेवरून नाही. दर महिन्याचं वजन बघा: महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची खूण. त्यासोबत नवीन बेडसोअर, गरजेपुरत्या म्हणून लिहिलेल्या शांत करणाऱ्या औषधांचे डोस आणि कर्मचाऱ्यांना लागलेले फटके मोजा. नोंदी सुधारल्या की पहिले दोन महिने फटक्यांचा आकडा वाढतो, कारण आधी कोणी लिहीतच नव्हतं. त्या वाढीवरून कोणाला बोलू नका, नाहीतर लिहिणं पुन्हा बंद होईल.

रात्रपाळीला वेगळं काय शिकवावं?

मोठा दिवा लावायचा नाही, पायथ्याशी मंद दिवा पुरतो. डायपर आणि कूस बदलणं एकाच फेरीत. झोप मोडण्याआधी हलक्या आवाजात नाव घ्यायचं, पांघरूण पायांकडून उघडायचं, हात आधी आपले गरम करून घ्यायचे. आणि सकाळच्या पाळीला कोण किती वाजेपर्यंत जागं होतं हे सांगायचं, कारण रात्रभर जागलेल्या आजींना आठ वाजता भरवायला घेऊ नये.